शिडीविना खिडकी

"घरातली एक वस्तू जाग्यावर राहू देईल तर तो पप्पू कसला!" तळघरात उतरताच तुळजाबाई कडाडल्या. "खिडकीखालची शिडी कुठंय?"

सून दैवशाला ओल धरलेल्या भिंतीपासून कापूस ओढून जिन्याकडे लोटत होती. "दोस्ताचा वाढदिवस हाये न, आत्या. चौकात बॅनर बांधायला घेऊन गेलेत."

"दोस्ताचं थोबाड टांगायला माझी शिडी! उद्या माझी तिरडी बी नेईल कुणाच्या मांडवाला."

केदारखेड्याच्या शेतातला कापूस भाव येईस्तोवर बदनापूरच्या या नव्या घराच्या तळघरात भरला होता. घर बांधताना इंजिनियरनं बजावलं होतं, जिना एकच आहे. खाली काही झालं तर माणूस बाहेर पडेल अशी खिडकी ठेवा, तिला गज लावू नका, आणि शिडी भिंतीत पक्की करा. लेकानं, पप्पूनं, खिडकी ठेवली, शिडी मात्र सुटीच. 'दहा कामाला येते' म्हणे. तुळजाबाई शाळेत नावापुरत्या गेलेल्या, पण ते बोलणं त्यांच्या काळजात रुतलं होतं. खाली उतरलं की नजर आधी जिन्याकडे, मग खिडकीकडे. हे भय त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. भ्यालेली तुळजाबाई अजून कुणी पाहिली नव्हती.

"आत्या, काही जळून राह्यलं का?"

जिन्याखाली इन्व्हर्टर होता. तिथं चरचर झाली, निळा उजेड उडाला आणि दिवा गेला. कापूस आधी भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. धूर पांढरा आला, मग पिवळा. बघता बघता जिन्याची पायरी दिसेना, आणि मग त्या धुरात लाल जीभ हलली.

दोघी खिडकीखाली धावल्या. चौकट डोक्याच्या वर, कडी त्याहून वर. कापसाच्या ढिगावर चढावं तर पाय मांडीपर्यंत आत जाई. आपण इथंच, उंदरासारख्या, एवढंच तुळजाबाईंच्या डोक्यात फिरत होतं.

दैवशाला खोकत खाली वाकली. "तुम्ही चढा माझ्यावर, आत्या."

"मी चढले तर तुझं भुसकट होईल! उठ. मी वाकते. तू चढ."

"तुमच्यावर पाय? न्हाई आत्या, मला न्हाई व्हायचं ते."

आणि त्या धुरातही ती पोरगी सासूचे पाय चाचपू लागली, आधी माफी मागायला.

"अगं ए शहाणे! पाया पडायला वर्षं पडलीत. जल्दी चढ. ठेव पाय!"

भिंतीला दोन्ही हात लावून तुळजाबाई ओणव्या झाल्या. पाठीवर टाच रुतली, मणका कडकडला. डोळे मिटून त्यांनी तुळजाभवानीचं नाव घेतलं. वर कडी अडली, दैवशालानं ठोसे मारले, आणि पाठीवरचं ओझं अचानक हललं, गेलं. वरून गार हवा आली. मागून आच आली.

आता त्या एकट्या होत्या. वर दैवशालाची किंकाळी, पळणारी पावलं. वेळेत कुणी आलं नाही तर? त्यांनी दोन्ही हात खिडकीकडे ताणले.

मग खिडकीतून हात आले. शेजारच्या उषाबाईचा नवरा आणि गल्लीतले बापे पालथे पडून ओढत होते. भर गल्लीत डोईचा पदर कधी ढळू न दिलेल्या तुळजाबाई लुगडं गुडघ्यापर्यंत सरकलेल्या, राखेनं माखलेल्या, रस्त्यावर येऊन पडल्या.

लोक पाइप लावून खिडकीतून पाणी मारत होते, तेव्हा पप्पू मोटारसायकलवरून आला. मागं बसलेल्या दोस्ताच्या खांद्यावर शिडी होती.

दैवशाला सासूच्या पायांना मिठी मारून रडत होती. "माझा पाय लागला तुम्हाला, आत्या. पाठीवर उभी राह्यले मी."

पप्पूनं मायच्या पाठीवरचे मळके ठसे पाहिले. "मायच्या पाठीवर पाय दिला तू?" तो बायकोवर खेकसला. "काही लाज?"

तुळजाबाईंनी पदर डोक्यावर ओढला, शिडीकडे पाहिलं आणि मग लेकाकडे मान वर करून पाहिलं.

"तिनं पाय ठेवला तो मी ठेव म्हणले म्हणून. न विचारता माझ्या पाठीवर पाय दिला तो तू, पप्या."