दाराबाहेरचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे, पण वारा घालणं हे आता माझं काम नाही. माझं तोंड भिंतीकडे असतं. समुपदेशन करणाऱ्या एका ताईंच्या खोलीबाहेर, दारालगतच्या स्टुलावर मी दिवसभर घरघरतो. आत कोणी मन मोकळं करत असतं. ते बाहेर बाकावर बसलेल्यांच्या कानी पडू नये, म्हणून माझा आवाज. त्या आवाजात मलाही आतलं काही ऐकू येत नाही. त्याचं मला सुखही नाही आणि दुःखही नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका बाईंनी तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घातले, कोणी पाती बसवली आणि शेवटी एकाने मला दहा मिनिटं चालवून कान लावला. "आवाजच नाही याला," तो म्हणाला. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

पहिली नऊ वर्षं मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. ताई तेव्हा तिथे रक्त काढायच्या. सुई टोचण्याआधी त्या प्रत्येकाला विचारायच्या, "कुठल्या हातातून काढू?" कोणाला आडवं व्हायचं असे, कोणाला भिंतीकडे बघायचं असे. एकदा आलेल्या माणसाला दाढी होती आणि फॉर्मवर नाव बाईचं होतं. बाकीचे एकमेकांना कोपराने ढोसू लागले. ताईंनी फक्त विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" बाटली भरेपर्यंतच्या दोन मिनिटांत लोक त्यांना घरचं सगळं सांगून टाकत. प्रयोगशाळेचे साहेब वैतागायचे. "अहो बाई, इथे रक्त जमा करायचं असतं, रडगाणी नाहीत!"

ताईंनी नोकरी सांभाळून समुपदेशनाचं शिक्षण घेतलं. त्या प्रयोगशाळा सोडून निघाल्या, तोवर माझं बेअरिंग झिजलं होतं आणि साहेब मला भंगारात काढणार होते. ताई म्हणाल्या, "द्या मला. मला असाच घरघरणारा हवाय."

या खोलीत कोणालाही मज्जाव नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलीसाठी ताईंनी उंबरठा काढून टाकला. एकत्र राहणारे दोन पुरुष भांडत येतात आणि तसेच भांडत जातात, पण दर आठवड्याला येतात. ताई प्रत्येकाला दारातच विचारतात, "कुठे बसायला बरं वाटेल?" एक खुर्ची मुद्दाम दाराजवळ आहे, घाबरलेल्या माणसाला उठून जाता यावं म्हणून.

मग छापखान्यातले काका आले. चौतीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढल्याने त्यांना कमी ऐकू येई आणि कानात श्रवणयंत्र असे. बायको जाऊन पाच महिने झाले होते. ते रडले नव्हते. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत, आणि प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत. त्यांची मुलगी त्यांना घेऊन आली होती.

"बाबा, ताई काय म्हणाल्या?" पहिल्या दिवशी तिने बाहेर विचारलं.

"चांगल्या आहेत बाई."

"अहो, पण म्हणाल्या काय?"

"नेहमीचंच."

चार भेटी अशाच गेल्या. चौथ्या भेटीनंतर मुलीने ताईंना दारातच गाठलं. "मला घरात भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय. आईबरोबर बाबाही गेलेत का, तेवढं सांगा."

"ते माझ्याशीही 'बरं'च म्हणतात," ताई म्हणाल्या. "अजून एकदा या."

पाचव्या भेटीत वीज गेली. माझी पाती मंदावली आणि थांबली. मी इथे लागल्यापासून पहिल्यांदाच मला आतलं ऐकू आलं.

"आत्ता ऐकू आलं!" काका म्हणत होते. कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखे ते मोठ्याने बोलत. "बंद झालं वाटतं ते मशीन."

मित्रांनो, श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं. त्याला माझी घरघर आणि ताईंचा हलका आवाज यांत निवड करता येत नाही. काकांनी ताईंचा दारातला प्रश्नसुद्धा ऐकला नव्हता. ते "बरं" म्हणून पहिल्या खुर्चीत बसले होते. ती दाराजवळची होती, भिंतीपलीकडे माझ्या अगदी लगत. चार भेटी ते माझंच ऐकत होते. हे कळल्यावर मला काय वाटलं, असं विचाराल तर काहीच नाही. मी बंद होतो.

ताईंनी विचारलं, "काकू गेल्या, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"शेजारच्या खोलीत. पेपर वाचत. हे कानातलं काढून ठेवलं होतं. ती हाका मारत होती म्हणे, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून ऐकल्या. मला नाही आल्या ऐकू." मग म्हणाले, "पोरीला सांगू नका."

पोरगी बाकावर बसली होती. माझ्यापासून तीन हातांवर. तिने हातातली पर्स बाजूला ठेवली आणि पुन्हा मांडीवर घेतली.

दार उघडून ताई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. खोटं बोलायला जागा होती, पण त्या परत आत जाऊन काकांसमोर उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "काका, माझी चूक झाली. वीज गेली तेव्हाच मी थांबायला हवं होतं. तुमचं बोलणं बाहेर गेलं."

काका दारात आले. "ऐकलंस?"

मुलीने होकारार्थी मान हलवली.

"किती?"

"सगळं."

मग ती म्हणाली, "आई हाक मारायची तीच हळू, बाबा. मलाही स्वयंपाकघरात यायची नाही."

"काय?"

ती उठून त्यांच्या समोर आली आणि तेच पुन्हा म्हणाली. यावेळी काका "बरं" म्हणाले नाहीत. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं.

आता काका गुरुवारी सकाळी सर्वांत आधी येतात. तेव्हा बाकावर कोणी नसतं, मुलगी खाली रस्त्यावर फेऱ्या मारते आणि माझं बटण बंद असतं. काका अजून रडलेले नाहीत. मी जे ऐकतो ते तुम्हाला सांगणार नाही. आज एवढं सांगितलं, तेही काकांनी नंतर इथेच बाकावर बसून लेकीला ते स्वतः पुन्हा सांगितल्यावर.

मला तेल हवं आहे, पण त्यासाठी मी तुमची विनवणी करत नाही. कोणी तुमच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावत असेल, तर त्याला पटलं असं धरून चालू नका. खोलीत काय घरघरतंय ते बघा, ते बंद करा, त्या माणसाच्या समोर जा आणि पुन्हा विचारा.