खुर्शीदचाचांचं बोलणं

मित्रांनो, शर्टाच्या खिशात मावेल एवढा मी एक जुना रेकॉर्डर आहे. जन्मलो कुठल्याशा परदेशी कारखान्यात, पण नावारूपाला आलो वाटूरला. तिथल्या अंबरीनने मला जालन्याच्या बाजारातून जुनाच विकत आणला. माझे ओरखडे पाहून तिची आई, अकबरबी म्हणाली, "ये खिलौना किस काम का?" राग आला मला, पण माझं काम ऐकायचं, उलट बोलायचं नाही.

अंबरीन वेगळंच संगीत करायची. स्वतः बुलबुलतरंग वाजवायची, त्यात खरेखुरे आवाज मिसळायची आणि लॅपटॉपवर ते ताणून, उलटे करून, एकावर एक रचायची. तिचा सर्वांत लाडका आवाज घरातच होता. तिचे अब्बा खुर्शीदचाचा पिंजारी होते. गाद्यांचा कापूस पिंजताना ते पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरी मारत आणि टणन् असा नाद उठे. तो नाद म्हणजे माझा जीव की प्राण!

अडचण एकच. पिंजणाबरोबर चाचांचं तोंडही चाले. गादी घेऊन आलेल्या नंदाबाईंना ते म्हणत, "बाई, कापूस लय दबलाय. जल्दी न्हाई व्हायचं, पण बराबर करून देतो." मध्येच लेकीला विचारत, "बेटी, चाय पी क्या?" अंबरीन वैतागे. "अब्बा, लाल बत्ती जली तो चुप बैठो ना!" तिला नुसता नाद हवा होता, निर्मळ. म्हणून रोज संध्याकाळी ती चाचांचं बोलणं कापून टाके आणि माझ्या पोटात जागा व्हावी म्हणून मूळचं रेकॉर्डिंगही पुसून टाके. हळूहळू चाचा शिकले. माझा लाल दिवा लागला की सगळं घर चिडीचूप. आलेले पाहुणेसुद्धा हातवारे करत.

पुण्यात तिच्या संगीताचं फार कौतुक झालं. मीही टेबलावर ऐटीत बसलो होतो.

मागच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन चाचा गेले. चाळिसावं झालं आणि अंबरीनला त्यांचं बोलणं ऐकावंसं वाटलं. त्यांचा फोन साधा, बटणांचा. फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. तिने लॅपटॉपवरचं सगळं आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकलं. नाद होता, भरपूर होता. "एक बार तो 'बेटी' बोले होंगे," ती मलाच विनवत होती. मित्रांनो, त्यांचा शब्द न् शब्द मी ऐकला होता, आणि तिला द्यायला माझ्याकडे एकही उरला नव्हता. असला जन्म वैऱ्यालाही नको.

मग तिने ठरवलं, निदान अम्मीचा आवाज तरी जपायचा. मला चुलीजवळ ठेवून ती म्हणाली, "अम्मी, कुछ भी बोलो." माझा दिवा लागला. अकबरबीने माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि नुसत्या हातानेच विचारलं, झालं का?

अंबरीन तिथेच रडू लागली.

मित्रांनो, आवाज जरूर टिपा. पण घरातलं माणूस मध्येच बोललं तर त्याला गप्प करू नका, आणि त्याचं बोलणं कचरा समजून पुसू तर मुळीच नका.

अंबरीन अजूनही मला रोज चुलीजवळ ठेवते. रोज माझ्यात भाकरी थापल्याचा आवाज भरतो. दिवा लागलेला असताना अकबरबी अजून बोललेली नाही.