सोपटाची गाठ

उजवा खांदा आखडला, तरी सरुबाईची पोळी अडली नाही की भाजी अडली नाही. अडला तो अंबाडा. हात डोक्याच्या मागे जायलाच तयार नाही, मग बाईनं करावं काय?

सून रश्मी शाळेत शिकवायची. सकाळच्या घाईतही ती सासूचे केस विंचरून, गच्च ओढून टाळूवर उंच बांधून द्यायची. पोरगी गुणाची, कधी चकार शब्द काढला नाही. पण सरुबाईचा चेहरा आधीच लांबट, त्यात वर हा शेंडा! "अगं बाई, उलट्या केळफुलासारखी दिसते मी," असं म्हणून सरुबाई हसायची. हसू मात्र येत नव्हतं. आपल्यापायी सुनेला रोज उशीर होतो, हे तिला आतून खात होतं. शेवटी एका रात्री जेवताना तिनं सांगून टाकलं, "रश्मी, कापूनच टाकू हे केस. रोजची कटकट नको."

नवऱ्याचा, लीलाधरचा, घास हातातच राहिला. पण तो काही बोलला नाही. सरुबाईला तेच लागलं. लग्नाआधीपासून जपलेले कंबरेपर्यंतचे केस. एकदा नको म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? तिनं ऐकलंच असतं की!

रविवारी रश्मीनं तिला बुधवारा वस्तीतल्या रंजिताच्या पार्लरात नेलं. लीलाधर पहाटेच मळ्यात गेला होता. सुटीच्या दिवशी एवढी कसली घाई, असं मनात आलं आणि सरुबाईला वाईट वाटलं.

रंजितानं तिचे केस मागे धरले आणि डाव्या हातात साबणाचा तुकडा दिला. "मावशी, एक आँख बंद करो. आता आरशात दिसतो तसा चेहरा गिरवा. हिलना मत."

डाव्या हाताला सवय नाही, रेघ वाकडी झाली. सरुबाई बाजूला सरकली, तर आरशावर चक्क पपई!

"बघा, लंबा चेहरा. वर बांधलं की अजून लंबा," रंजिता म्हणाली. "कानांपाशी केस भरलेले पाहिजेत. हनुवटीपर्यंत कापते, मस्त दिसाल."

"काप बाई लवकर, मन फिरायच्या आत," सरुबाई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. मिटले तरी पाणी आलंच.

तेवढ्यात दार वाजलं. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग घेऊन लीलाधर थेट आत.

"ओ काका, हे लेडीज पार्लर आहे!" रंजिता ओरडली.

"माहीत आहे. माझी लेडीज आत आहे," तो म्हणाला. "कात्री ठेव बेटा. मला येतो अंबाडा."

"तुम्हाला?" सरुबाईनं डोळे उघडले.

"मळ्यात खुंटीला केळीच्या खोडाची वाळलेली सालं, ती सोपटं, टांगली अन् शिकलो. गडी हसून राहिले होते, हसू दे. पहिलं मला जमतं का ते बघायचं होतं, म्हणून बोललो नाही. आज जमला."

केळीचे घड बांधणारे ते राठ हात. दुखेल म्हणून तो केस ओढेचना. त्यामुळे अंबाडा मानेवर खाली, सैलसर बसला आणि कानांवर केस आपोआप फुगून आले. शेवटी त्यानं खिशातून सोपटाची दोरी काढली आणि घडाला मारतो तशी करकचून गाठ मारली.

सरुबाईनं आरशात पाहिलं. चेहरा गोलसर, भरल्यासारखा दिसत होता. किती दिवसांनी तिला स्वतःचं तोंड आवडलं.

"काका, हेच तर मी सांगत होते!" रंजिता म्हणाली. रश्मीनं गुपचूप डोळे पुसले.

"बाबा, पण ही गाठ सुटणार कशी?" तिनं विचारलं.

लीलाधर खजील झाला. "हां... घडाची गाठ सोडत नसतात. कोयत्यानं कापतात."

सगळे हसले. रंजितानं कात्री पुढे केली, तशी सरुबाईनं डावा हात अंबाड्यावर ठेवला.

"खबरदार! आज नाही सोडायची," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "उद्या?"

"उद्या नवी बांधू," लीलाधर म्हणाला. "मळ्यात सोपटं काय कमी आहेत?"