बारीक शिलाईची गाडी

शिंपीमामांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शिलाईतलं सगळं कळत होतं, आणि तिथेच घात झाला.

लेक नऊ तासांच्या अंतरावर दिलेली. नात सात महिन्यांची झाली, तरी तिला मांडीवर घेणं काही घडलं नव्हतं. पाहायची ती फोनवर. कमरेच्या दुखण्यामुळे मामींना अर्ध्या-अर्ध्या तासाने उतरून पाय मोकळे करावे लागत, आणि बस काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. लेकीला रजा नाही. शेवटी मामांनी जुनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं; चालवण्यापुरती त्यांना येत होती.

विकणारा तोंडाचा गोड होता. त्याने इंजिन दाखवलं, मामांनी जाणत्यासारखी मान डोलावली. मग आत बसून त्यांनी सीटच्या कव्हरवरून बोट फिरवलं. दुहेरी टीप, कोपरे हाताने दुमडलेले, एक धागा सुटलेला नाही.

"कोणी शिवलं हे?"

"मीच, काका. वस्तू जपायची सवय आहे मला."

एवढी नेटकी टीप घालणारा माणूस लबाड कसा असेल? मामांनी कागदांवर वरवर नजर टाकली आणि साठवलेलं सगळं त्याच्या हातात ठेवलं.

दोन दिवस गाडी दाराशी होती. मामी चहाचा कप घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसायच्या. म्हणायच्या, "सवय करतेय."

तिसऱ्या दिवशी सामान चढलं आणि पोलीस आले, सोबत गाडीचा खरा मालक. त्याने गाडी भाड्याने दिली होती. भाडेकरूने ती परस्पर विकून टाकली. कव्हरं मालकाच्या आईने शिवलेली. बिचाऱ्याने मामींच्या पिशव्या स्वतः उतरवून दारात ठेवल्या. विकणाऱ्याचा फोन बंद तो बंदच.

"माझीच अक्कल गहाण पडली," मामा म्हणाले. मामींना रागवायचं होतं, पण त्यापेक्षा बाळाला जवळ घ्यायचं होतं.

दुपारी लेकीचा फोन आला. मामांनी झालं ते सांगितलं. पडद्यावर नात पोटावर सरकत खेळण्याकडे निघाली होती; परवापर्यंत तिला हे येत नव्हतं.

"असू दे गं आई," लेक म्हणाली. "जमेल तेव्हा या. वर्ष-दोन वर्षं लागली तरी चालेल."

मामींनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"तिला सांग," त्या म्हणाल्या, "जरा हळू मोठी हो म्हणावं."