दुसरी मोजणी

उस्तादांनी फेकलेला पाना खडीवाल्याच्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर आदळून खाली पडला. पत्रा बराच वेळ थरथरत राहिला. खडीवाल्याने आधी कान चाचपला, मग पाना कुठे पडला ते पाहिलं.

"आता ऐकशील?" उस्ताद म्हणाले. आवाज अगदी शांत होता. हात चालून झाल्यावरच त्यांचा आवाज शांत व्हायचा.

गॅरेज घराला लागूनच होतं. मधल्या दारात त्यांची मुलगी चहाचे दोन पेले घेऊन उभी होती. ती दूरच्या शाळेत भाषा शिकवायची. सुट्टीपुरती आली होती, दुपारच्या बसने परत जाणार होती. आत आई कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही. डावा कान वीस वर्षांपूर्वी एका थपडेत गेला होता, आणि काय ऐकायचं नाही हे उजव्याने शिकून घेतलं होतं. त्या घरातला तो साधाच दिवस होता.

खडीवाला म्हणजे दगडाच्या खाणीचा मालक. त्याची पिकअप बाहेर उभी होती, हौद्यात बत्तीस इंची नवे टायर.

"मी टायर बसवा म्हणालो, गिअर उघडा नाही म्हणालो," तो म्हणाला. "खाणीत दगड पोटाला लागतात. गाडी उंच झाली की झालं."

"उंच होईल. पण एकोणतीसच्या जागी बत्तीस लावलास की चाक एका फेरीत लांब पल्ला मारणार. इंजिन तेवढंच, गिअर तेवढेच. खडी भरून चढावर गेलास की पहिल्या गिअरमध्येसुद्धा कुंथत बसेल. महिन्याभरात क्लच जळेल. आणि उतारावर इंजिन धरून ठेवणार नाही, सगळा भार ब्रेकवर."

"मग काय करायचं म्हणता?"

"आत्ता एक्सलच्या आत नऊ दातांचा छोटा पिनियन आहे, तो सदतीस दातांचं मोठं चक्र, क्राउन, फिरवतो. म्हणजे शाफ्ट चारदा फिरला की चाक एकदा. टायर मोठा केलास तर क्राउनला दात जास्त पाहिजेत. एक्केचाळीस. शाफ्टच्या साडेचार फेऱ्या, चाकाची एक. मग गाडी होती तशीच ओढेल."

"बरं, मागचा बदला. पुढची चाकं मी इंजिनला कधीमधीच जोडतो. पुढचं कशाला उघडता?"

मगाशी पाना सुटला तो असल्याच एका 'कशाला'वर. आता उस्तादांनी त्याची कॉलर धरली आणि त्याचा गाल बोनेटवर दाबला.

"मागचे दात एका हिशोबाने, पुढचे दुसऱ्या. चारही चाकं जोडलीस की पुढचं मागच्याला ओढणार, मागचं पुढच्याला. मऊ मातीत एखादं चाक घसरतं आणि ताण सुटतो. पक्क्या जमिनीवर कुठे जाईल तो? गाडी स्वतःची आतडी फाडून घेते. समजलं का?"

"समजलं. सोडा, उस्ताद. बोनेट तापलंय."

खडीवाल्याने उभ्या उभ्या चहा प्यायला. उस्तादांचा मार त्याने याआधीही खाल्ला होता, आणि दर वेळी परत आला होता, कारण त्यांनी बांधलेला एक्सल आवाज करत नसे. जाताना तो मुलीला म्हणाला, "ताई, यांना एकदा टायरला बांधून डोंगरावरून सोडून द्या. पण आधी माझी गाडी होऊ दे."

क्राउन-पिनियन भंगारातून यायचे, आणि त्यांच्यावर कोरलेला आकडा उस्ताद मानत नसत. एका दातावर खडूची खूण करायची आणि तोंडाने मोठ्याने मोजायचं. मग दुसऱ्या माणसाने मोजायचं, पहिल्याचा आकडा विसरून. भिंतीवरच्या काळ्या फळीवर दोन रकाने होते: पहिली मोजणी, दुसरी मोजणी. दोन्ही जुळल्याशिवाय एक्सलचं झाकण बसत नसे. नियम चांगला होता, पण दुसरा माणूस टिकत नव्हता. एक जोडीदार दहा वर्षं राहिला आणि मोडलेलं बोट घेऊन गेला. मुलीचा मामा फाटलेला ओठ घेऊन गेला. त्यानंतर दुसरी मोजणी मुलीकडे आली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

एका संध्याकाळी उस्तादांचे अडतीस आले आणि तिचे एकोणचाळीस.

"पुन्हा मोज."

एकोणचाळीस. त्यांनी खिळ्यावरचा जुना फॅनबेल्ट काढला. तिसऱ्यांदाही एकोणचाळीस. चौथ्यांदा तिला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दात दिसेनात, तेव्हा ती अडतीस म्हणाली. झाकण बसलं.

आठ दिवसांनी ती गाडी दोर लावून ओढत आणली. मधल्या दाराआडून तिने पाहिलं: उस्ताद जमिनीवर बसून खडूने मोजत होते. दोनदा मोजले. मग क्राउन मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले, जेवायलाही आत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या अंथरुणावर रद्दीच्या दुकानातलं एक जाडजूड पुस्तक होतं, मुखपृष्ठ फाटलेलं.  

पुढे तो पायंडाच पडला. मार पडला की दुसऱ्या दिवशी पुस्तक. लोक म्हणायचे, उस्तादांना पोरीच्या शिक्षणाची केवढी हौस. तिच्या कपाटातला खालचा अख्खा कप्पा त्या हौसेचा होता, आणि कुठलं पुस्तक कुठल्या वळाचं हे तिला न उघडता सांगता आलं असतं. गिअरला मात्र तिने पुन्हा कधी हात लावला नाही.

खडीवाला गेल्यावर त्याच्या गाडीच्या मागच्या क्राउनची दुसरी मोजणी शेजारच्या वेल्डरने केली. एक्केचाळीस, जुळले. मग तो हसत म्हणाला, "पुढचा जरा उजेडात मोजा उस्ताद. परवा माझ्या म्हशीएवढ्या बकरीला तुम्ही कुत्रा म्हणालात." त्याच्या पाठीत गुद्दा बसला. पाठ चोळत तो निघून गेला.

थोड्या वेळाने गॅरेजमधून हाक आली. "अगं ए, जरा इकडे ये."

ती दारात गेली. उस्ताद पुढचा क्राउन मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला. खडूची खूण कुठे केली ते त्यांना सापडत नव्हतं. त्यांच्या दोन्ही बुबुळांवर दुधाची साय आल्यासारखी दिसत होती.

"डोळ्यांना काय झालंय?"

"काही झालेलं नाही. मोज हे."

ती हलली नाही. तेव्हा त्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. पायाने स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बस. दोन मिनिटांचं काम आहे."

"माझी बस चुकेल."

बसला अजून तास होता. घड्याळ दोघांच्या समोरच होतं, आणि घड्याळाचे काटे त्यांना दिसत नसले तरी खडीवाला कधी गेला ते त्यांना ठाऊक होतं, त्यावरून वेळही. त्यांचा जबडा आवळला. सवयीने तिची पाठ ताठ झाली, खांदे वर आले. पण फटका बसलाच नाही.

"बरं," उस्ताद म्हणाले. "जा."

ती पिशवी उचलून निघाली. फाटकापर्यंत तिला त्यांचा आवाज ऐकू येत होता. सतरा, अठरा, एकोणीस. मग थांबले. मग पुन्हा एकपासून.

तिसऱ्या दिवशी वेल्डरचा फोन आला.

उस्ताद स्वतः चालवून पाहिल्याशिवाय गाडी देत नसत. वेल्डर सोबत खाणीवर गेला होता. गुद्दा तो संध्याकाळपर्यंतच लक्षात ठेवायचा. हौद्यात खडी भरली, चारही चाकं जोडली. सुट्या दगडांवर गाडी मख्खन चालली. मग उस्तादांनी ती वजनकाट्याच्या काँक्रीटच्या चढावर घातली. अर्ध्या चढावर ती कण्हायला लागली. वेल्डर खालून हात हलवत ओरडला, पण उस्तादांनी पाय आणखी दाबला. हाड मोडावं तसा आवाज झाला. पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी मधली गिअरपेटी फुटली, सुटलेला शाफ्ट खाली चाबकासारखा फिरला आणि त्याने ब्रेकची नळी तोडून टाकली. भरलेली गाडी उलटी धावत खाली आली, कठड्यावरून गेली आणि दोन कोलांट्या खाऊन दगडांत थांबली. उस्ताद दारातून अर्धे बाहेर होते. दार वेल्डरनेच गॅसने कापलं. छातीखालचा पत्रा कापताना ठिणग्या त्यांच्या शर्टावर पडत होत्या आणि तो एका हाताने त्या विझवत होता.

शेवटचे विधी आटोपल्यावर खडीवाला मुलीपाशी आला. रडून त्याचा चेहरा सुजला होता. "मला हाणणारं आता कोणी राहिलं नाही, ताई," एवढंच म्हणाला आणि गेला.

आठवड्याने वेल्डर गोणपाटात काहीतरी जड घेऊन आला आणि कामाच्या टेबलावर ठेवलं. पुढचा क्राउन होता. दात सगळे शाबूत होते.

"लोक म्हणतात ब्रेक गेला. ब्रेक नंतर गेला, ताई. आधी आतलं फुटलं. तो डोळ्यांचा टोमणा मी मारायला नको होता. मारला नसता तर पुढचाही मीच मोजला असता." तो दाराकडे वळला. "हा मोजायचा राहिलाय. माझ्याच्याने होत नाही."

तो गेल्यावर तिने फळीकडे पाहिलं. पुढचा क्राउन, पहिली मोजणी, एक्केचाळीस. आकड्याची वळणं एकमेकांवर चढली होती. शेजारचा रकाना कोरा होता. सगळ्या फळीवर कोरा रकाना तो एकच.

स्टूल त्यांनी सरकवलं होतं तिथेच होतं. ती त्यावर बसली, क्राउन मांडीवर घेतला. तो अपेक्षेपेक्षा जड होता. एका दातावर खडूची खूण केली आणि मोठ्याने मोजायला लागली. बोटाला ग्रीस लागत होतं. एकोणिसावर ती थांबली नाही. तिचा आवाज ऐकून आई हात पुसत मधल्या दारात आली, उजवा कान पुढे करून उभी राहिली.

"एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस."

तिने पुन्हा मोजले. त्रेचाळीस. उठून कोऱ्या रकान्यात तिने तो आकडा लिहिला, स्पष्ट, शाळेत फळ्यावर लिहायची तसा. मग खडू हातातच राहिला.

"काय गं?" आई म्हणाली. "कोणाशी बोलतेस?"

 रिकाम्या गॅरेजकडे तोंड करून ती मोठ्याने, मोजणी सांगावी तशी म्हणाली,

"बसला तास होता, बाबा. मला मोजायचं नव्हतं. आणि तेव्हा एकोणचाळीस होते. चारही वेळा एकोणचाळीसच होते."