लेडी हॅरिएटवरची चिठ्ठी

"दिगंबर गवाणकर. त्यांचे चिरंजीव राजाराम. राजारामांचे श्रीराम. आणि श्रीरामांची थोरली मुलगी मी, सरला," मी यतीनला सांगितले. "एवढी ओळख पुरे असेल, तर आता ही फ्रेम उघड."

यतीन माझ्या शंतनूचा मित्र. मूळचा पुण्याचा, पन्नाशीचा, इथे मोटारींचे ब्रेक तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याने नेहमीसारखे हसून पाहिले.

"काकू, साडेतीनला जजेस येतायत. आता फ्रेमला कोणी टच नाही करू शकत, यार."

"मी तुझी यार नव्हे."

"सॉरी, काकू."

"आई, चल ना, कॉफी घेऊ," शंतनू म्हणाला. गाडीतून उतरल्यापासून तो मला कॉफीकडे नेऊ पाहत होता. मी पर्समध्ये काय आणले आहे याची त्याला कल्पना असावी; इथे जुन्या टपालबोटींचे कागद मांडले आहेत, हे त्यानेच मला सांगितले होते.

इथे परदेशात, ट्रॉय शहराच्या त्या सभागृहात, रविवारी टपाल-तिकिटांचे प्रदर्शन भरले होते. यतीनच्या मांडणीचे नाव होते 'एक कंत्राट, चार सरकारे'. हिंदुस्थान आणि आणखी तीन वसाहती, अशा चार सरकारांनी मिळून टपालाच्या आगबोटी भाड्याने घेतल्या, त्याचा हा इतिहास. सोळा पाने, जाड काचेआड. कंत्राटाची प्रत, बोटींचे वेळापत्रक, कोणत्या सरकारने किती वाटा उचलायचा याचा तक्ता, बोट उशिरा पोचली तर तासागणिक किती दंड. मुलाने काम नेटके केले होते, यात शंका नाही. मी अकरा पाने शांतपणे पाहिली होती.

बाराव्या पानावर एक चिठ्ठी होती. तळहाताएवढी, पिवळी पडलेली, सुतळीचा वळ उमटलेली. तिच्यावर 'लेडी हॅरिएट' या बोटीचा शिक्का, जून १८९७ ही तारीख आणि सॉर्टरचा, म्हणजे पत्रे निवडून लावणाऱ्याचा, क्रमांक सात. खाली यतीनने इंग्रजीत टंकलेला मजकूर होता. त्याचा अर्थ असा: 'सॉर्टर गुरुनाथ साळगावकर याच्या निष्काळजीपणामुळे झांजीबारचे टपाल एडनला न उतरता विलायतेस गेले. गुरुनाथास बडतर्फ करण्यात आले.'

"हे खोटे आहे," मी म्हटले.

"काकू, ऑफिशियल रेकॉर्ड आहे. चौकशीचे पेपर्स मी ऑक्शनमध्ये घेतलेत. नंबर सात म्हणजे साळगावकरच." मग त्याला काहीतरी सुचले. "एक मिनिट. तुम्ही साळगावकरांच्या नात्यातल्या का? मग आय गेट इट. फॅमिलीचे नाव क्लिअर करायचे असेल तर नंतर एक नोट टाकतो ना."

"मी आत्ताच तीन पिढ्या सांगितल्या. तू ऐकले नाहीस. मी गवाणकरांची."

शंतनूने डोळे मिटून घेतले.

आता सांगणे भागच होते, म्हणून मी यतीनला सारे सांगितले. माझे पणजोबा दिगंबर त्याच बोटीवर सॉर्टर होते, क्रमांक अकरा. मुंबई सोडल्यापासून एडन येईपर्यंत ही मंडळी बोटीच्या पोटात उभी राहून पत्रे लावीत. समोर लाकडी खण, पायाखाली हलती जमीन. गठ्ठा बांधला की वर आपल्या क्रमांकाची छापील चिठ्ठी ठेवायची, म्हणजे चूक कोणाची ते हजार मैलांवरूनही कळे. त्या जूनमध्ये समुद्र खवळला होता. पणजोबा दोन दिवस ओकत होते. त्यांच्या चिठ्ठ्यांचा भिजून लगदा झाला. शेजारी उभ्या असलेल्या गुरुनाथांनी आपल्या चिठ्ठ्यांतल्या मूठभर त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "हात चालव."

दुसऱ्याला चिठ्ठी देणे हाही गुन्हाच होता. पणजोबांनी गठ्ठा बांधला आणि चुकीच्या थैलीत टाकला. टपाल नऊ आठवडे उशिरा पोचले. एका सरकारने आपला वाटा रोखून धरला आणि बाकीच्या तिघांना खरमरीत पत्र लिहिले. चार सरकारे बोटी चालवण्यासाठी एकत्र आली होती. दोष घेण्यासाठी एकही पुढे झाले नाही. तो दोष एकेक जिना उतरत बोटीच्या पोटात आला आणि गुरुनाथांपाशी थांबला. चौकशीत ते एवढेच म्हणाले, "चिठ्ठी माझी आहे." माझे पणजोबा समोर उभे होते. ते काही बोलले नाहीत.

"काकू, ही घरातली गोष्ट झाली," यतीन म्हणाला. आता तो हसत नव्हता. "प्रूफ?"

"चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात काय आहे?"

"ते? पेन चालते का बघितलंय कोणीतरी."

"ते मोडी आहे. 'दि'. आपण किती गठ्ठे बांधले हे मोजता यावे म्हणून पणजोबा प्रत्येक चिठ्ठीवर ही खूण करीत. सवयीने याही चिठ्ठीवर केली. मला मोडी आजोबांनी शिकवली." मी पर्समधून मनीऑर्डरचा जुना फॉर्म काढला. "ही पणजोबांची सही. ताडून पाहा."

यतीनने चष्मा कपाळावर चढवला. तो फॉर्म काचेला लावून बराच वेळ पाहत राहिला.

"सेम आहे," तो हळूच म्हणाला. मग त्याने फॉर्म उलटला. "यावर 'घेण्यास नकार' असा शेरा आहे."

"आहेच. पणजोबांनी साळगावकरांना पैसे पाठवले, ते परत आले. आजोबांनी पाठवले, तेही परत आले. माझे वडील पोस्टमास्तर होते. ते स्वतः त्यांच्या दारात गेले. गुरुनाथांच्या सुनेने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, पैसे नकोत. लिहून द्या."

"मग?"

"वडिलांनी चहा घेतला आणि घरी आले."

शंतनूने माझ्या दंडाला हात लावला. "आई, सव्वाशे वर्षं झाली. कोणाला फरक पडतो? उगाच आपल्याच पणजोबांचं नाव भिंतीवर कशाला लावायचं?"

"त्यांचे नाव भिंतीवर आहेच. गेली सव्वाशे वर्षे ते गुरुनाथांच्या नावाखाली लपून बसले आहे."

मी स्वतः अठ्ठावीस वर्षे याच राज्यात, टपालखात्यात, पत्रे लावली. कुंकू लावून, पहाटेच्या पाळीला, बर्फातून गाडी हाकीत. यंत्रे आली तोवर माझे हात यंत्रासारखे झाले होते. माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु झालेली प्रत्येक चूक मी आपणहून सुपरवायझरला जाऊन सांगितली. तो वैतागत असे. सरला, एवढ्या तेवढ्यासाठी येत जाऊ नकोस, म्हणे. मी जातच राहिले. घराण्याची एक चूक मात्र मी त्या हिशेबात धरली नव्हती. गुरुनाथांची पणती नेत्रा साळगावकर दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला राहते. मराठी मंडळाच्या डिरेक्टरीत तिचा पत्ता अकरा वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होता. पुरावा नाही, असे मी स्वतःला सांगत आले. खरे कारण तेच होते जे माझ्या वडिलांचे होते: लिहून दिले की घराण्याचे नाव जाते.

"तीन वाजले," मी म्हटले. "उघड."

"काकू, प्रिंटर नाहीये इथे. हाताने लिहिलं तर पॉइंट्स कट होतील. गोल्डचा चान्स आहे माझा, पाच वर्षं काम केलंय यावर."

"जाणते. म्हणून मी तुला आज्ञा करीत नाही. विचारते आहे. खोट्या मजकुरावर मिळालेले सुवर्ण तू घरात कुठे ठेवशील?"

तो शंतनूकडे वळला.

"या नेहमीच अशा असतात का?"

"आज जरा सौम्य आहे," शंतनू म्हणाला.

यतीन गेला आणि फ्रेमची किल्ली असलेल्या बाईंना घेऊन आला. त्यांना त्याने काय सांगितले कोण जाणे, पण त्यांनी कुलूप काढले. त्याने बाराव्या पानावरचा मजकूर सोडवला, कोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि खिशातले पेन दिले. मी उभ्यानेच लिहिले. बसून लिहिण्याची ती गोष्ट नव्हती. 'हा गठ्ठा सॉर्टर दिगंबर गवाणकर यांनी बांधला. चिठ्ठी गुरुनाथ साळगावकर यांनी सहकाऱ्याला मदत म्हणून दिली. गुरुनाथ निर्दोष होते. कोपऱ्यातील मोडी खूण पाहावी.' इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, आणि खाली माझे नाव, दिगंबरांची पणती म्हणून.

साडेतीनला जज आले. त्यांतला एक उंच म्हातारा बाराव्या पानापाशी वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

संध्याकाळी यतीनला रौप्यपदक मिळाले. गाडीपाशी येऊन तो म्हणाला, "काकू, तुमच्या हँडरायटिंगचे चार पॉइंट्स गेले."

"अक्षरात काय खोट काढली?"

"अक्षर बेस्ट आहे म्हणाले. पेन चुकीचं." मग त्याने बाराव्या पानाचा फोटो माझ्या हातात ठेवला. सभागृहाशेजारच्या दुकानातून तो आधीच छापून आणला होता.

सोमवारी सकाळी मी नेत्राला मराठीत चार ओळी लिहिल्या. क्षमा मागितली नाही. क्षमा मागितली की समोरच्यावर ती देण्याचे ओझे येते. जे झाले ते लिहिले आणि सही केली. सोबत फोटो घातला. शंतनू म्हणाला, "स्कॅन करून ईमेल कर ना, आई. आत्ता पोचेल." मी त्याला गाडी काढायला सांगितली. पोस्टाच्या खिडकीपाशी उभी राहून मी ते पत्र पोचपावतीसह रवाना केले. मॉरिसव्हिलला ते घेतले जाईल की नकाराचा शेरा घेऊन परत येईल, हे कळण्याचा माझ्या घराण्याला ठाऊक असलेला मार्ग हाच होता.

अकरा दिवस मी रोज टपालपेटीपर्यंत चालत गेले. बाराव्या दिवशी जाहिरातींच्या मध्ये पोचपावतीचे हिरवे कार्ड होते. पत्र मिळाल्याची तारीख. त्याखाली सही: नेत्रा साळगावकर. सहीपुढे तिने देवनागरीत एकच शब्द लिहिला होता, 'घेतले'.

मी ते कार्ड परत आलेल्या दोन मनीऑर्डरींवर ठेवले. सुतळीने तिन्हींचा गठ्ठा बांधला, बोटे आपोआप जशी बांधतात तसा. वर एक कोरी चिठ्ठी ठेवली आणि तिच्यावर माझे नाव लिहिले.