अंगठा

तुम्ही वजन करताना काट्याकडे बघता की ज्याचं वजन चाललंय त्याच्याकडे? मी विचारतोय, कारण माझ्यासमोर उभी राहणारी माणसं फक्त माझ्याकडे बघतात आणि बाळ बिचारं छताकडे.

मी तान्ह्या बाळांचा वजनकाटा. वर पांढरं पारडं, खाली गोल तबकडी. आधी मी एका दवाखान्यात होतो. एका कोपऱ्याला पोचा आला तसं मला आयांच्या मदत केंद्रात दिलं. हे केंद्र पाळणे, झबली, दुपटी आणि मला घरी वापरायला देतं. पाळणे परत येताना एखादा खिळा कमी असतो. मी आहे तसा येतो.

यावेळी मी एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत आलो. दुकान बापाचं. मुलगी लॉन्ड्रीत इस्त्रीला. तिला दिवस गेले ते काही ठरवून नव्हे. बाळाचा बाप दुसऱ्या गावी कामाला गेला आणि फोन बंद करून बसला. तो अजून बंद आहे. पोरीने मात्र बाळ ठेवायचं ठरवलं. तिचा बाप "बरं" म्हणाला आणि खोलीला जाड पडदा लावला. गिऱ्हाइकाने रडणं ऐकून विचारलं की म्हणायचा, "मांजर आहे."

बाळ अंग धरत नव्हतं, म्हणून मला आणलं होतं. दर रविवारी वजन करून वहीत लिहायचं.

"वजन मी करणार," बाप म्हणाला. "चाळीस वर्षं हाच धंदा आहे माझा."

पहिल्या रविवारी काटा जन्मवेळच्या वजनापुढे सरकला नाही. पोरगी दिवसभर रडली, जेवली नाही.

दुसऱ्या रविवारी बापाने बाळ ठेवलं, पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पारड्याच्या कडेवर हळूच अंगठा टेकवला. ज्या माणसाने चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला एक ग्रॅम कमी दिलं नाही, त्याने नातीच्या वजनात दोनशे ग्रॅम अंगठा घातला. पोरगी हसली. तिने वहीत लिहिलं. तिसऱ्या रविवारी अंगठ्याचं वजन आणखी वाढलं.

सोमवारी संध्याकाळी केंद्राच्या सिस्टर आल्या. वही बघून म्हणाल्या, "छान!" मग दुपटं बाजूला केलं. बाळाच्या मांडीची कातडी सैल होती.

"वहीतलं बाळ कुठंय? हे दुसरंच दिसतंय."

त्यांनी बाळ माझ्यावर ठेवलं. वहीत साडेतीन किलो. मी सांगितलं, तीन किलो शंभर.

"काटा बिघडलेला दिसतोय," सिस्टर म्हणाल्या. "बदलून आणते."

बापाला गप्प राहता आलं असतं. मी गेलो असतो आणि गोष्ट मिटली असती.

"काट्याला नावं ठेवू नका, सिस्टर," तो म्हणाला. "अंगठा माझा होता."

पोरगी त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, अहो, मी खरं मानून बसले होते!"

"तू जेवत नव्हतीस गं."

सिस्टर त्याला रागावल्या नाहीत. त्या खाली सतरंजीवर पोरीशेजारी बसल्या. "आणखी दोन आठवडे असेच गेले असते तर बाळाला दवाखान्यात ठेवावं लागलं असतं. आता सांग, आज काय खाल्लंस?"

"चहा."

"चहा खातात होय?"

मग कळलं की पोरगी सकाळी आठला जाते आणि चारला येते. तोवर बाळाला आजोबा चमच्याने दूध पाजतात. निम्मं पोटात जातं, निम्मं दुपट्यात. सिस्टरनी तिथूनच लॉन्ड्रीच्या मालकिणीला फोन लावला. अकरा वाजता बाळाला अंगावर पाजायला अर्धा तास सुट्टी मिळाली. अट एकच, बाळ इस्त्रीच्या टेबलाजवळ आणायचं नाही. सकाळचा स्वयंपाक बापाकडे आला.

"पण अकरा वाजता बाळ तिथवर आणणार कोण?" पोरीने विचारलं. "बाजारातून जावं लागतं."

बापाने पडद्याकडे बघितलं. यावर मी काय सांगणार? मला फक्त वजनाचं कळतं.

माझी एक विनंती आहे. मी सांगितलेला आकडा आवडला नाही तर पुन्हा विचारा, दहादा विचारा. मला दाबू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, बापाने दुकानाला कुलूप लावलं आणि नातीला खांद्यावर घेऊन बाजारातून लॉन्ड्रीत गेला.